महिला गटाबाहेरची हर्षला

हर्षला ठोंबरे लोधिवलीची. वडील दशरथ साजगावच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला, आई घरची भातशेती बघायची. मी तेव्हा चौक गावच्या शाळेत मराठी शिकवत होते. आठवीत ती माझ्या वर्गात आली. उंच, काटक, आवाज थोडा जाड. कविता म्हणायला उभी केली की मान खाली घालून पुटपुटायची. मैदानावर मात्र तिला पकडायच्या खेळात कुणी घेत नसे, कारण ती हाती लागायचीच नाही.

खेळाचे शिक्षक वाल्मिक सर स्वतः कबड्डीतले, पण मुलीचे पाय बघून त्यांनी तिला कबड्डीतून उचललं आणि आठशे मीटरला लावलं. जुन्या हायवेच्या कडेने सकाळी ती पळायची आणि सर मागून मोटारसायकलवर. खालापूरला तालुक्याची शर्यत तिने जिंकली, मग जिल्ह्याची. जिल्ह्याला तिच्या मागे दुसरी आली ती कर्जतची झिनत.

झिनतच्या वडिलांची, खलीलभाईंची, कर्जतच्या बाजारात बेकरी. पहाटेची भट्टी आटोपली की हातावरचा मैदा तसाच घेऊन ते मुलीला सरावाला न्यायचे. झिनत अंगाने लहान. तिच्या पळण्यात बघणाऱ्याला दमायला व्हावं अशी मेहनत दिसायची. दर शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत ती हर्षलाच्या खांद्याला असायची, आणि तिथून हर्षला निघून जायची. टाळ्या हर्षलाला. दुसरं कोण आलं हे खलीलभाई आणि वाल्मिक सर यांच्याशिवाय कुणी फारसं बघत नसे.

तरी दोघींचं जमलं. राज्य स्पर्धांना एकत्र जायच्या, एका खोलीत राहायच्या. झिनतची आई आसिया डब्यात दोघींपुरतं द्यायची. हर्षला झिनतला चिडवायची, "तू माज्या मागंच बरी हायस. पुढं गेलीस तर डबा कोन देईल?" झिनत हसायची. ते हसू प्रत्येक वेळी सारखं नसायचं, हे हर्षलाला फार उशिरा कळलं.

एक गोष्ट घरात कुजबुजीने बोलली जायची. सतरावं सरत आलं तरी हर्षलाला पाळी आली नव्हती. आईने तिला कर्जतला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पळणाऱ्या मुलींचं असं होतं, सराव थांबला की येईल. आईला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. हर्षलाला तर सुटकाच वाटली. बाकीच्या मुली शर्यतीच्या दिवशी पोट धरून बसायच्या, तिला ती अडचण नव्हती.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिने राज्यात पहिला नंबर काढला आणि राष्ट्रीय शिबिराला तिची निवड झाली. चौक नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागला. गावातल्या राजेशने तो स्वखुशीने लावला होता. त्याला पुढे निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि फलकावर हर्षलाइतकाच मोठा त्याचा फोटो होता.

शिबिर परराज्यात होतं. गेल्यावर सगळ्यांचं रक्त घेतलं. काही दिवसांनी तिला एकटीला बोलावलं. दोन डॉक्टर होते. त्यांनी तिला कपडे काढून आडवं व्हायला सांगितलं, तपासलं, एकमेकांशी इंग्रजीत बोलले. तिला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यवस्थापक बाईंनी हिंदीत सांगितलं की तू घरी जा, कारण दुखापत असं देऊ.

"मला कुठे दुखापत झालीये?" हर्षलाने विचारलं.

"ते आपण असं सांगतो. तुझ्याच भल्यासाठी आहे."

तिने बॅग भरली. खोलीतल्या मुलींनी कुठे निघालीस विचारलं, तेव्हा ती म्हणाली, पाय दुखतोय. हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाली, "बाई, मी लंगडत बाहेर पडले. कुनी सांगितलं नव्हतं लंगडायला."

महिन्याभरात एका वर्तमानपत्रात आलं की रायगडची आठशे मीटर धावणारी एक मुलगी लिंगचाचणीत अपात्र ठरली. नाव छापलं नव्हतं. पण रायगडात आठशे मीटर धावून शिबिराला गेलेली मुलगी एकच होती. नाक्यावरचा फलक राजेशने कुणी न सांगता उतरवला. कॉलेजच्या वाटेवर मोटारसायकलवरची पोरं हाक मारू लागली, "ए भावा!" बायका पाणी भरताना तिच्या अंगाकडे बघायच्या, जणू आजवर बघायचं राहूनच गेलं होतं. दशरथ कामावरून आला की सरळ माडीवर जाऊन बसायचा. लेकीशी तो वाईट बोलला नाही. तो बोललाच नाही.

वाल्मिक सरांच्या ओळखीने मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नंबर लागला. आई आणि हर्षला गेल्या. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळं मराठीत सांगितलं. हर्षलाला गर्भाशय नव्हतं. पोटात ज्या ग्रंथी होत्या त्या बायकांच्या नव्हत्या, त्या पुरुषांमध्ये असतात तशा होत्या, आणि गुणसूत्रंही तशीच. बाहेरून ती मुलीसारखी घडली होती. हजारांत एखाददुसऱ्या बाळाची घडण अशी काही वेगळी होते, आणि त्यातल्या कितीतरींना ती आयुष्यभर कळतही नाही, असं त्या म्हणाल्या.

आईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मंजी माजी पोर बाई हाय का नाय?"

"आई, ती तुमची मुलगीच आहे. ती स्वतःला कोण समजते, ते महत्त्वाचं."

"मी कोन समजनार?" हर्षला म्हणाली. "मी दुसरं काय होते कधी?"

"लगीन हुईल का हिचं?" आईने विचारलं.

"होऊ शकतं. मूल मात्र होणार नाही."

आईने पदराचं टोक दातात धरलं. हर्षलाने विचारलं, "पळता येईल का?"

डॉक्टर बाईंनी अहवाल पुन्हा चाळला. मग म्हणाल्या, तुझ्या शरीरात जे हार्मोन बनतं ते बाकीच्या मुलींपेक्षा खूप जास्त आहे, त्याने स्नायूंना बळ मिळतं, म्हणून महिला गटात तुला घेत नाहीत. गोळ्या घेऊन ते खाली आणायचं आणि दोन वर्षं खालीच ठेवायचं, मग परत पळता येतं, असा नियम आहे. पण या गोळ्या आजारावरच्या नाहीत, कारण तू आजारी नाहीस. घ्यायलाच पाहिजेत असं मी म्हणणार नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आई बाकावर बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्या गरोदर बायका तिच्या समोरून जात होत्या. तिने हर्षलाचा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कुनाला काय सांगायची गरज नाय. मी जनम दिलाय, मला ठाव हाय तू कोन ते." हर्षलाला ते बरं वाटलं, आणि त्याच वेळी आईची नजर त्या गरोदर बायकांवरच आहे हेही दिसलं.

त्याच हंगामात झिनतने राज्यात पहिला नंबर काढला. नंतर ती लोधिवलीला आली. बेकरीची नानकटाई घेऊन आली होती, ती पिशवीतच राहिली. दोघी खळ्यावर बसल्या.

"कुनीतरी तक्रार केली म्हनूनच मला एकटीला बोलावलं असनार. कुनी केली?" हर्षलाने विचारलं.

"मला नाय माहीत. अब्बांनी नाय केली, एवढं सांगते. मी पण नाय."

"तुला वाटतं का, मी फसवलं?"

झिनतने नानकटाईची पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "फसवलं नाय. तुला तरी कुठे माहीत होतं? पण हर्षला, सहा वर्षं मी घरी जाऊन रडले. वाटायचं, माझ्यातच कमी आहे. अब्बांना मी सांगायचे, पुढच्या वेळी नक्की. आता लोक म्हणतात तुझ्या शरीरात जास्तीचं होतं. मग माझी ती सहा वर्षं कुणी घेतली?"

"मी चोरलं का काय तुजं?"

"नाय गं. तेच तर. चोरणारा कुणीच नाय आणि गेलं तर आहे."

"तू उंच पोरींना हरवतेस तवा त्या काय म्हनतात? माज्या उंचीत कमी होतं म्हनून पहिला नंबर मला द्या, असं म्हनतात का?"

"उंचीचा गट नसतो. बायकांचा असतो." झिनतचे डोळे भरले होते पण ती मागे हटली नाही. "तो गट नसता तर मी कुठल्याच शर्यतीत दिसले नसते. तू पण नाय."

हर्षलाने मला पुढे सांगितलं की तिला तेव्हा झिनतचा रागही आला, आणि खरं बोलणारी तेवढी एकच आहे असंही वाटलं. गावात जे तिच्या बाजूने बोलायचे ते नजर चुकवून बोलायचे.

तिने गोळ्या सुरू केल्या. सरांनी नको म्हटलं, मी नको म्हटलं. आई काहीच म्हणाली नाही. आईला मनातून वाटत होतं की गोळ्यांनी पोर "नीट" होईल, आणि हे हर्षलाला माहीत होतं.

पहिल्या काही महिन्यांत तिचं अंग बदललं. अंगातून आगीसारख्या वाफा निघायच्या, सकाळी उठवत नसे, गुडघे ठणकायचे. कारण नसताना रडू यायचं आणि रडणं हा प्रकार तिला लहानपणापासून ठाऊक नव्हता. हायवेच्या ज्या चढावर ती सरांच्या मोटारसायकलशी बोलत पळायची, तिथे थांबून ओणवी होऊ लागली. सर पुढे जाऊन गाडी वळवून परत यायचे. एकदा ते म्हणाले, "पोरी, पुरे कर हे." ती म्हणाली, "सर, मला परत बायकांच्यात उभं राहायचंय. जिंकायला नाय. नुसतं उभं राहायला."

वर्ष उलटल्यावर तिने झिनतला फोन करून कर्जतच्या मैदानावर बोलावलं. वाल्मिक सर, खलीलभाई आणि त्या दोघी, एवढेच. आठशे मीटर. शेवटच्या वळणावर या वेळी झिनत निघून गेली आणि बरीच पुढे जाऊन थांबली. हर्षला धापा टाकत पोहोचली, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आता झालं ना बरोबर?"

खलीलभाईंनी दोघींना पाणी दिलं. घरी जाताना ते मुलीसमोर म्हणाले, "अशी जीत नको देऊ या अल्लाह." हे झिनतनेच नंतर सांगितलं.

दुसरंही वर्ष संपत आलं. रक्ताचे आकडे हवे तेवढे खाली होते. हर्षला जिल्ह्यातल्या मधल्या नंबरांच्या मुलींएवढी पळत होती, आणि तिने नवे बूट घेतले होते. अशा वेळी एका संध्याकाळी वाल्मिक सर घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, नियम बदललाय. आता हार्मोन बघणार नाहीत. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, जन्मात एकदाच. त्यात ते पुरुषाचं जनुक सापडलं की वरच्या स्पर्धांना महिला गट बंद. आपल्याकडेही शिबिरासाठी तेच धरणार.

"आणि गोळ्या?" हर्षलाने विचारलं.

"गोळ्यांचा आता काही संबंध राहिला नाही."

दशरथ माडीवरून खाली आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो या विषयावर बोलला. "दोन वरसं पोरीनं इख खाल्लं सर. त्ये कोन परत घेनार?"

सरांनी खाली बघितलं.

हर्षलाने डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या. त्याने पुन्हा तब्येत बिघडली, काही आठवडे ती अंथरुणालाच होती. बरी झाल्यावर तिने पळायची गोष्ट काढली नाही. मी शाळेत सांगून तिला मुलींच्या सरावाला मदतनीस म्हणून बोलावलं. ती आली, चांगलं शिकवलंही. पण राजेश पालकांना घेऊन शाळेत आला. त्याची पुतणी त्या मुलींत होती. "आमच्या मुलींना बाई शिकवायला पायजे," असं तो मुख्याध्यापकांसमोर म्हणाला. हर्षला दाराबाहेर उभी होती. आत येऊन तिने शिट्टी टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

एक स्थळ आलं होतं, कर्जतकडचं. आई म्हणत होती, मूल होणार नाही एवढंच सांगू, बाकी कशाला? हर्षलाने मुलाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलगा सभ्य होता. त्याने नीट ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि परत निरोप आला नाही. आईने त्या दिवशी तिला फार बोलून घेतलं आणि मग दोघी एकाच ताटात जेवल्या.

वडिलांनी शब्द टाकल्यावर तिला साजगावलाच एका दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला काम मिळालं. तिथे सुटीच्या वेळी फाटकावर झडती होते, बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. पहिल्याच आठवड्यात झडती घेणारी बाई तिच्यापाशी थबकली. कुणीतरी तिच्या कानात घातलं असणार. ती म्हणाली, "मी नाय हात लावनार. साहेबांना विचारते." मागे बायका घरी जायला खोळंबलेल्या, बाजूच्या रांगेतले पुरुष बघत होते. हर्षला दोन रांगांच्या मधे उभी राहिली. थोड्या वेळाने साहेब आले. साहेबांनी आधारकार्ड बघून सांगितलं, बायकांच्या रांगेत घ्या. त्या बाईने मग झडती घेतली, पण बोटांच्या टोकांनी. आता हर्षलाला सवय झाली आहे, आणि त्या बाईलाही. डबा खायला मात्र हर्षला एकटीच बसते.

या वर्षाच्या सुरुवातीला झिनतचा फोन आला. तिची मोठ्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती आणि त्याआधी तीच चाचणी द्यायची होती. "तू येशील का माझ्याबरोबर? अम्मीला नाय सांगितलंय. मला भीती वाटते."

"तुला कसली भीती?"

"तुला तरी कुठे माहीत होतं?" झिनत म्हणाली.

हर्षलाने सुटी टाकली आणि गेली. नमुना घ्यायला चहा गाळण्याएवढाही वेळ लागला नाही. निकाल यायला दिवस लागणार होते. तेवढ्या दिवसांत झिनत रोज फोन करायची. अम्मीला लहानपणचं काय काय विचारते, आरशासमोर उभी राहते, खांदे बघते, हे सांगायची. हर्षला ऐकून घ्यायची. तिला सांगता आलं असतं, आता कळलं का? ती म्हणाली नाही.

निकाल आला तेव्हा झिनतला तो फोनवर सांगायचा नव्हता, म्हणून ती साजगावला कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबली. हर्षला बाहेर आल्यावर तिने नुसती मान डोलावली. सगळं ठीक होतं. झिनत बाईच होती, कागदावरसुद्धा. मग झिनतच रडायला लागली आणि म्हणाली, "मला एवढा आनंद झाला ना, की मला माझीच लाज वाटते."

"जा, पळ," हर्षला म्हणाली. "चांगली पळ. मागं कोन हाय बघू नको."

दुसऱ्या रविवारी ती माझ्याकडे आली तेव्हा हे सगळं सांगितलं. मी विचारलं, तुला खरंच बरं वाटलं का गं? ती खिडकीतून बाहेर शेताकडे बघत बसली होती. म्हणाली, "बाई, ती काडी तिच्या तोंडात घातली ना, तवा मी मनात म्हनलं, हिचं पन तसंच निघू दे. म्हंजी मी एकटी नसते. मग लगेच म्हनलं, नको. पन आधी काय म्हनलं ते म्हनलंच ना."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थोडा वेळ बसली, मग सोमवारची पहिली पाळी आहे म्हणून उठली. झिनत आता परराज्यातल्या शिबिरात आहे. हर्षला सकाळी कंपनीच्या बसने साजगावला जाते. ती पळत नाही. बस सुटायची वेळ झाली आणि नाक्यावरून सगळे धावत सुटले, तरी ती चालतच येते, आणि एकदोनदा तिची बस त्यामुळे चुकलीसुद्धा आहे.